फोडायची राहिलेली भिंत

कस्तुराबाईच्या गल्लीत कुणाच्या घराचं चालू बांधकाम मधेच थांबलं, की पुरुष म्हणतात, वाळू आली नसेल. बायका काही म्हणत नाहीत. त्या सरळ त्या घरच्या सुनेकडे बघतात.

यशवंतपूरच्या पुढची ही गल्ली निम्मीअधिक निपाणी, अथणी, विजापूर इकडून आलेल्यांची. कारखान्यांत नोकऱ्या लागल्या तेव्हा इथं नाचणीची शेतं होती, तेव्हाच साइट घेऊन ठेवल्या, हळूहळू घरं उठवली. घरात मराठी, दारात कन्नड. आणि गावाकडनं येताना भांड्याकुंड्यांबरोबर रीतीभातीही आणल्या. त्यातली एक अशी, की घरात बाई गरवार असली तर पाया खणायचा नाही, भिंत फोडायची नाही, भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही. असेल ते काम आहे तिथं ठेवायचं. बाळ येऊ दे, बारसं होऊ दे, मग काय फोडायचं ते फोडा. ही रीत कुणी कुणाला शिकवत नाही, आणि मोडतही नाही.

कस्तुराबाई तर मोडणाऱ्यांतली नव्हेच. बाई फटकळ, आवाज असा की गल्लीच्या टोकाला भाजीवाला थांबायचा, पण रीत म्हटली की मऊ. तिचा नवरा शिवाप्पा यशवंतपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला, पेपर आणि क्रिकेट याच्यापलीकडे जगाशी भांडण नसलेला. मुलगा महांतेश व्हाइटफील्डला नोकरीला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सकाळी कॅबमध्ये बसायचा तो नाश्ता पचेपर्यंत रस्त्यातच. सून अश्लेषा पुण्याची. तीही आधी त्याच ऑफिसात होती. मग नोकरी सोडली आणि लहान मुलांच्या गोष्टी आपल्या आवाजात रेकॉर्ड करायला लागली. कुठकुठली मुलं त्या फोनवर ऐकत झोपतात म्हणे.

आता हे रेकॉर्डिंग कुठं चालायचं, तर कपाटात. खरंच कपाटात. कपडे बाजूला सारून, आत गोधड्या टांगून, मांडीवर माइक घेऊन ही पोर बसायची आणि घामानं निथळत सशाच्या आवाजात बोलायची. बाहेर कुकरची शिट्टी झाली की ससा बंद.

"आई, प्लीज, थोडा वेळ मिक्सर नको हं."

"मग चटणी काय डोळ्यांनी वाटू?" असं कस्तुराबाई म्हणायची खरी, पण मिक्सर लावायची नाही. सूनबाई कपाटातून बाहेर येईपर्यंत पदरानं वारा घेत ओट्यापाशी उभी राहायची. शिवाप्पाला खोकला आला तर त्यानं तो अंगणात जाऊन काढायचा, असा हुकूम होता.

असं किती दिवस चालणार? महांतेशनं ऑफिसच्या बाजूला, सर्जापूर रोडला फ्लॅट बघायला सुरुवात केली. पोरं गेली तर या घरात दोन म्हातारी माणसं आणि एक टीव्ही. तिनं एका दमात सांगून टाकलं, "मागं एवढं परसू मोकळं पडलंय. बांधा की तिथं खोली. जाड भिंतीची बांधा. आत ससा ओरडू दे नाहीतर वाघ."

अश्लेषाच्या एका मैत्रिणीनं नकाशा काढून दिला. त्याच्यावर लिहिलं होतं, मल्टीपर्पज स्टुडिओ. झालं, मल्टीपर्पज म्हटल्यावर जो तो आपापलं काम त्यात घुसवायला लागला. शिवाप्पाला दुपारची मॅच बघायला तिथं खुर्ची हवी. महांतेशला घरून काम करायचं तर टेबल हवं. कस्तुराबाईला शिलाईचं मशीन ठेवायला खिडकीजवळची जागा हवी, आणि निपाणीचे पाहुणे आले तर निजायला गाद्या. अश्लेषा हसून म्हणाली, "आई, तुम्ही सगळे या हं, पण मी दार लावलं की नाही!" "बरं बाई," कस्तुराबाई म्हणाली, "तुझी खोली, तुझं दार."

बांधकामानं सासूसुनेची गट्टी जमवली, हे कुणाला खरं वाटणार नाही, पण जमवली. भीमसेन मेस्त्री अथणीकडचा, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलणारा. तो दिवसभर ब्लॉक रचून जायचा, आणि भिंतींना पाणी मारायचं काम या दोघींकडे. सकाळी अश्लेषा पाइप धरायची, संध्याकाळी कस्तुराबाई. हळूहळू दोन्ही वेळा दोघीच जायला लागल्या. ओल्या सिमेंटचा वास, हातात चहा, बसायला ब्लॉकची चळत. अश्लेषा तिथं तिला नव्या गोष्टी वाचून दाखवायची. कस्तुराबाई ऐकून म्हणायची, "हा कोल्हा एवढं सज्जनासारखं बोलतो होय? अगं, जरा खवचट कर की त्याला." अश्लेषा खरंच तसं करायची. कस्तुराबाईला मुलगी नव्हती. त्या चळतीवर बसल्यावर तिला कधी कधी ते विसरायला व्हायचं.

एकच विषय ती काढायची नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. मधे एकदा दिवस गेले होते आणि कुणाला धड कळायच्या आतच संपलंही होतं. त्यानंतर एवढी फटकळ बाई, पण या बाबतीत तोंड शिवून बसली होती. शेजारची चंपा आडून आडून विचारायची, तेव्हा ती म्हणायची, "तुझ्या सांबाराला फोडणी दिलीस का, ते बघ आधी."

भिंती उठल्या, स्लॅब पडला. राहिलं एवढंच, की जुन्या घराच्या मागच्या बोळातली भिंत फोडून नव्या खोलीत जायला दार करायचं. भीमसेननं आदल्या दिवशी खडूनं त्या भिंतीवर दाराची चौकट आखून ठेवली. सकाळी घण घेऊन आला. कस्तुराबाईनं त्याला चहा दिला आणि आत नाश्त्याचं बघायला गेली, तर फोडणीचा वास आल्याबरोबर अश्लेषा तोंडावर हात धरून न्हाणीकडे पळाली.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक. कस्तुराबाई दारातच उभी. अश्लेषा भिंतीला टेकली, आणि बारीक हसली.

"सांगणार होते आई. तीन महिने होईपर्यंत कुणाला बोलू नको, असं आमच्या आईनं बजावलंय. मागच्या वेळेसारखं नको ना व्हायला."

कस्तुराबाईला काय करू आणि काय नको असं झालं. तिनं सुनेच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली, डोळे पुसले, आणि एकदम काही आठवून "अगं बाई, तो भीमसेन!" म्हणत मागं धावली. भीमसेननं घण उचलला होता.

"बेडप्पा, बेड!" ती ओरडली. "आज नको. आता नकोच. काम थांबव."

"एनायतु अक्का?" त्यानं विचारलं. काय झालं म्हणून. मग तिचा चेहरा बघितला, भिजलेले डोळे आणि तोंडभर हसू, आणि त्याचं त्यालाच उत्तर मिळालं. त्यानं घण खाली ठेवला, हात जोडले. "सरी अक्का. लई चांगलं झालं. बोलवा सावकाश." आपली थापी, ओळंबा, घमेली गोळा करून तो दुसऱ्या कामावर गेला. उरलेली वाळू दारासमोर रस्त्याकडेला पडून राहिली.

कस्तुराबाईनं अश्लेषाला वचन दिलं, की हे मी कुण्णाला सांगणार नाही. आणि नाही सांगितलं. देवाशप्पथ नाही. सख्ख्या बहिणीला फोनवरसुद्धा नाही. पण दुपारी चंपा कैऱ्या घेऊन दारात हजर. संध्याकाळी समोरच्या शालनवहिनी गुळपोळ्या घेऊन. "काम थांबवलंस म्हणे कस्तुराक्का," एवढंच म्हणायच्या, आणि अश्लेषाकडे बघून असं हसायच्या की पोर लाजेनं लाल.

रात्री जेवताना अश्लेषा म्हणाली, "आई, तुम्ही सांगितलंत ना सगळ्यांना?"

"मी कशाला सांगू गं? गळ्याची शप्पथ!"

"मग त्यांना कळलं कसं?"

शिवाप्पानं ताटातून मान वर केली. "घण थांबला की," तो म्हणाला. "आणखी काय सांगायचं राहतंय?"

तेव्हा कुठं कस्तुराबाईच्या ध्यानात आलं. रीत पाळायच्या गडबडीत तिनं सगळ्या गल्लीला दवंडी पिटल्यासारखं झालं होतं. तिनं जीभ चावली. अश्लेषा क्षणभर रागावल्यासारखी बघत राहिली, आणि मग तिला हसूच आलं. महांतेशही हसला. त्या घरात त्या दिवसांत हसायला फार निमित्त लागायचं नाही.

पुढचे आठवडे कस्तुराबाईच्या आयुष्यातले चांगले म्हणावेत असे. मिक्सर बंद, कारण अश्लेषाला झोप लागायची. फोडण्या बंद, कारण वास सहन व्हायचा नाही. शिवाप्पा बिनफोडणीची आमटी मुकाट गिळायचा. अश्लेषा परसातून वळसा घालून नव्या खोलीत जायची. आत ना खिडक्यांना काचा, ना जमिनीला फरशी. तिथं प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायची आणि मोठ्यानं गोष्टी वाचायची. माइक नसायचा. कुणासाठी वाचते, हे कस्तुराबाईला कळायचं आणि ती खिडकीशी न जाता तिथूनच परत फिरायची. मशीनवर जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून ती पेटीत तळाशी ठेवायला लागली होती. दृष्ट लागू नये म्हणून कुणाला दाखवली नाहीत.

मग एका दुपारी महांतेश ऑफिसातून मधेच आला आणि अश्लेषाला घेऊन स्कॅनला गेला. ठरलेलंच होतं ते, काळजीचं काही नव्हतं. कस्तुराबाईनं निघताना हातावर साखर ठेवली. दिवेलागणीला दोघं परत आली. महांतेश दारातच चपला काढत राहिला, वर बघेचना.

"आई," अश्लेषा म्हणाली, "बाळाचे ठोके लागत नाहीत."

एवढंच म्हणाली, आणि खुर्चीवर बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दवाखान्यात जावं लागलं. पुढचं सगळं तिथं झालं. डॉक्टरीणबाई चांगली होती. म्हणाली, असं होतं, यात कुणाचं काही चुकलेलं नसतं. कस्तुराबाईनं मान हलवली, पण मनात तिचा हिशेब चालूच होता. स्लॅब पडला तेव्हा दिवस गेलेले होते का? पाया खणला तेव्हा नक्कीच नव्हते, पण स्लॅबच्या वेळी? मला कळलं असतं तर एक ब्लॉक लावू दिला नसता. हे ती कुणाला बोलली नाही. बोलली असती तर महांतेशनं घर डोक्यावर घेतलं असतं, आणि अश्लेषाला तर ते ऐकवणंच शक्य नव्हतं. पण ते तिच्या आत रुतून बसलं.

अश्लेषा रडली नाही. कस्तुराबाईनं वाट पाहिली. कुशीत घेतलं, केसांना तेल लावलं, पाठीवरून हात फिरवला. पोर नुसती ताठ. घरही असं, की बोळापलीकडच्या खोलीत शिवाप्पानं कूस बदलली तरी ऐकू यायचं, खिडकीबाहेर हातभर अंतरावर चंपाची न्हाणी. या घरात कुणाला सुखानं शिंकताही यायचं नाही, तर रडणार कुठं? ती सकाळी उठायची, आंघोळ करायची, चहा प्यायची, खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची. नव्या खोलीकडे ती फिरकली नाही. कपाटाकडेही नाही.

आणि बाहेर गल्लीला काही माहीत नव्हतं. माहीत होणार कसं? वाळू दारासमोर तशीच होती. काम बंद होतं. म्हणजे गल्लीच्या लेखी सगळं छान चाललं होतं. दवाखान्यात गेली, तर तपासणीला गेली असेल. बाहेर दिसत नाही, तर जपत असतील. कस्तुराबाई दूध आणायला गेली की शालनवहिनी विचारायच्या, "सूनबाई बरी आहे ना? उलट्या थांबल्या का?"

"हो, थांबल्या," ती म्हणायची आणि झपाझप चालायला लागायची.

महांतेश दोनदा म्हणाला, "आई, भीमसेनला बोलावून घे ना. काम तरी पुरं होऊ दे."

"घाई काय आहे?" ती म्हणाली. "पोरीला जरा सावरू दे. घण पडला की साऱ्या गल्लीला कळणार. मग येतील सगळ्या विचारायला, कसं झालं, काय झालं. नको तिला तो ताप."

शिवाप्पा पेपरआडून म्हणाला, "कळायचंच आहे की कधीतरी."

"तुम्ही गप्प बसा हो," ती म्हणाली.

तिला खरंच वाटत होतं, की आपण सुनेला जपतोय. फोन हातात घ्यायची, भीमसेनचं नाव काढायची, आणि ठेवून द्यायची. उद्या, म्हणायची. उद्या अमावास्या असायची, नाहीतर शनिवार असायचा. बाईला कारणं कमी पडत नव्हती.

आणि तिसरा महिना सरत आला, असं गल्लीनं बोटांवर मोजलं. तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरतात. गाजावाजा नाही, चारचौघी बायका, हिरव्या बांगड्या, खण-नारळ. कस्तुराबाई काही हालचाल करत नाही असं बघून चंपानंच पुढाकार घेतला. एका सकाळी ती, शालनवहिनी आणि आणखी दोघी ताट घेऊन घरात शिरल्या. चंपाच्या हातात चुडा.

"कस्तुराक्का, तुझ्यानं होईना म्हणून आम्हीच आलो!" ती मोठ्यानं हसत म्हणाली. "कुठंय आमची पोर? आणा बाहेर!"

कस्तुराबाई ओट्याशी होती. हातात पीठ. ती बाहेर आली. साऱ्या गल्लीला गप्प करणारी बाई ती. अगं थांबा, एवढं म्हणायचं होतं. चौघींची तोंडं अशी हौसेनं फुललेली, की ती बोटांवरचं पीठच चोळत राहिली.

खोलीचं दार उघडलं. अश्लेषा बाहेर आली. तिनं चंपाकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, मग सासूकडे. बराच वेळ सासूकडे. कस्तुराबाईनं मान खाली घातली.

अश्लेषानं भिंतीला लावलेला पाट घेतला, मांडला आणि त्यावर बसली.

बायकांनी तिला कुंकू लावलं. हात दाबत दाबत हिरव्या बांगड्या चढवल्या. "मऊ हात आहेत गं," चंपा म्हणाली. पदरात तांदूळ घातले, नारळ घातला, खण ठेवला. शालनवहिनींनी काहीतरी चेष्टा केली, बाकीच्या हसल्या. अश्लेषा उठून सगळ्यांच्या पाया पडली. चंपानं तिला वर धरली आणि म्हणाली, "स्वल्प खात जा गं बाळा, किती वाळलीस." मग त्या गेल्या.

पदरातले तांदूळ तसेच धरून अश्लेषा उभी होती.

"काढ गं, काढ त्या," कस्तुराबाई कळवळून पुढं आली आणि बांगड्यांना हात घालायला लागली. "कशाला बसलीस तू पाटावर? सांगायचं नाहीस?"

"मी सांगायचं?" अश्लेषा म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. "आई, मी कसं सांगू? काय शब्दांत सांगू? त्या एवढ्या हौसेनं आल्या होत्या."

"अगं पण..."

"रोज सकाळी मी खोलीत बसून वाट बघते. आज तरी भीमसेन येईल. त्यानं एकदा घण घातला की सगळ्यांना कळेल. मला तोंड उघडावं लागणार नाही, कुणाला काही सांगावं लागणार नाही. काम थांबलं तेव्हा न सांगताच कळलं ना सगळ्यांना. मग हेही तसंच कळू दे ना. पण तुम्ही त्याला बोलवतच नाही."

"तुलाच त्रास होईल म्हणून गं," कस्तुराबाई म्हणाली. "तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी नाही, आई." अश्लेषानं तांदूळ टेबलावर ओतले. "तुम्हाला ते संपवायचं नाहीये. मला कळतं. मलाही नको होतं. पण ते संपलंय."

ती आत गेली. कस्तुराबाई पिठाच्या हातानं तिथंच खाली बसली. खरंच होतं ते. अक्षरन् अक्षर खरं. वाळू दारात पडलीय, भिंत फोडायची राहिलीय, तोवर कुणीतरी वाटेवर आहे, असं तिचं वेडं मन धरून बसलं होतं. दुधाच्या रांगेत शालनवहिनींनी विचारलं की तिला तेवढ्यापुरतं बरंही वाटायचं. आणि त्या बरं वाटण्यापायी तिनं पोरीला पाटावर बसवलं होतं. तिला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. हात न धुताच तिनं फोन घेतला आणि भीमसेनला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमसेन आला. चांगली बातमी ऐकून गेलेला माणूस, एवढ्या लवकर बोलावणं कसं, हे त्याला दारातच उमगलं असणार. चहा नको म्हणाला. डोक्याला टॉवेल बांधला, परसातून वळसा घालून नव्या खोलीत शिरला. त्या बाजूनंच फोडायचं होतं, म्हणजे जुन्या घरात धूळ कमी जाणार. कस्तुराबाई त्याच्या मागं जाऊन खोलीच्या तोंडाशी, परसात उभी राहिली.

"करू सुरू, अक्का?"

"कर."

पहिला घाव बसला आणि सगळं घर हाललं. दुसरा बसला. पलीकडे चंपाच्या घरातला नळ बंद झाल्याचं ऐकू आलं. पाचेक घाव पडले असतील नसतील, तर चंपा ओल्या हातांनी परसात धावत आली. डोळे नुसते आग ओकत होते.

"कस्तुराक्का! शुद्धीवर आहेस का गं? कालच ओटी भरली पोरीची आणि आज भिंत फोडतीस? थांबव! ए भीमसेन, टाक तो घण खाली!"

भीमसेन थांबला. कस्तुराबाईनं चंपाकडे तोंड फिरवलं. काही बोलायची गरज पडली नाही. चंपाच्या चेहऱ्यावरचा राग बघता बघता उतरला, तोंड उघडं राहिलं, आणि तिनं आपले दोन्ही हात बघितले. काल याच हातांनी बांगड्या भरल्या होत्या.

"अय्यो," ती म्हणाली. "अय्यो देवा. कधी?"

"ओटीच्या आधी," कस्तुराबाई म्हणाली. "मी काल दारातच सांगायला पाहिजे होतं तुम्हाला. तुमचा काही दोष नाही. सगळा माझा."

चंपा उरलेल्या ब्लॉकवर मटकन बसली आणि पदरात तोंड घालून हुंदके द्यायला लागली. कुंपणापलीकडे शालनवहिनी येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्यामागं आणखी दोघी. त्यांनी चंपाला बघितलं, कस्तुराबाईला बघितलं. एकमेकींकडे न बघता त्या आपापल्या घरात गेल्या. कुणी काही विचारलं नाही.

भीमसेननं पुन्हा घण उचलला. घाव बसायला लागले, विटांचे कपचे उडायला लागले. आणि त्या आवाजात कस्तुराबाईला काहीतरी दुसरं ऐकू आलं. बोळाला लागून अश्लेषाची खोली. तिची खिडकी लावलेली होती, पण त्या बंद खिडकीतून आवाज येत होता. मोठ्यानं, गळा फाडून, लहान पोर रडतं तसं कुणीतरी रडत होतं.

भीमसेनच्याही कानावर गेलं. त्याचा घण हवेतच राहिला, मग हळूच खाली आला.

तो थांबला आणि आतला आवाजही तिथल्या तिथं तुटला. जणू कुणी तोंडात बोळा कोंबला. परसात चिडीचूप झालं. चंपानंसुद्धा पदर तोंडात धरला. आत ती पोर श्वास कोंडून बसलीय, बाहेर सगळे ऐकतायत हे तिला कळलंय, हे कस्तुराबाईला भिंतीआडून दिसल्यासारखं कळलं. इतक्या दिवसांत ती का रडली नाही, हेही आत्ता कळलं.

"थांबू नको," ती भीमसेनला म्हणाली. "मार."

त्यानं मारला. आणखी एक मारला. आत रडणं पुन्हा फुटलं, आधीपेक्षा मोठं. कस्तुराबाईचे डोळे वाहत होते, पण ती तिथून हलली नाही.

"अक्का," भीमसेन मधेच दबक्या आवाजात म्हणाला, "जुनी भिंत आहे. आता दोन घावांत आरपार होतीय बघा."

"आरपार करू नकोस एवढ्यात," ती म्हणाली. "कडेकडेनं फोड. सावकाश. पण आवाज बंद पडू देऊ नको."